चौसष्ट लिटरचे काका

"माझ्यासारखा शिस्तीचा माणूस तुमच्या संशोधनाला शोधून सापडायचा नाही!" ठाकुर्लीच्या भगवानकाकांनी योगिनीला ठणकावून सांगितलं होतं.

योगिनी एका संशोधन संस्थेत होती. वयस्कर माणसांच्या अंगात पाणी किती आणि दिवसाला ताकद किती खर्च होते, हे ती मोजायची. बाटलीतलं खास जड पाणी प्यायचं, मग चौदा दिवस लघवीचे नमुने द्यायचे. त्यात ते जड पाणी किती उतरलं, त्यावरून हिशेब!

"अपाय काही नाही, काका. पण परदेशातून येतं, फार महाग आहे. थेंबही सोडू नका!"

ती महाग म्हणाली आणि तिथंच घोळ झाला! चाळीस वर्षांच्या संसारात काकांनी चांगली म्हणून कुठलीच गोष्ट एकट्यानं खाल्ली नव्हती. आणि मायाकाकू तर आठ महिने बाळकुमला, मुलाकडे, नातीला सांभाळायला! घरी यायच्या फक्त रविवारी. बाकी सहा दिवस काका भिंतींशी बोलत. योगिनी फोन घ्यायला गॅलरीत गेली, तेवढ्यात अर्धी बाटली पेल्यात गेली आणि वर झाकणी बसली.

रविवारी काकूंनी पेला रिकामा केला. "अहो, पाणीच की हे!"

"परदेशातलं आहे," काका खूश.

महिन्याभरानं, एका मंगळवारी, योगिनीचा फोन काकूंना गेला. काकांचा लागत नव्हता. "काकू, काकांचं वजन साठ किलो, आणि अंगात पाणी चौसष्ट लिटर निघतंय!"

काकू तडक रिक्षात! घरात शिरल्या त्या काकांचे पाय दाबायलाच लागल्या. "सूज कुठाय? छातीत पाणी झालंय का? काय लपवताय माझ्यापासून?"

"अगं, ठणठणीत आहे मी!" पण रविवार नसताना, चक्क मंगळवारी तिचा हात पायाला लागत होता! सूज नसल्याचं काकांना मनापासून वाईट वाटलं.

मागोमाग योगिनी पोचली. "काका, खरं सांगा, बाटली पूर्ण प्यालेलात?"

"अर्धी. अर्धी हिला ठेवलेली."

"अहो काका! हिशेब अख्ख्या बाटलीचा केला, म्हणून पाणी दुप्पट आलं!"

काकूंना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. मग मुलाला फोन लावला. "ऋतुराज, चौदा दिवस सान्वीला तुम्ही बघा रे. तुझ्या बाबांना पाणीसुद्धा धड पिता येत नाही!"

नवी बाटली आली. काकू समोर बसल्या. काका एक घोट घेत, काकूंकडे बघत, पुन्हा एक घोट घेत.

"काका, चहा नाही तो, संपवा!"

"योगिनी, हा अभ्यास वर्षभराचा नाही का करता येत?"

"नाही," उत्तर काकूंनीच दिलं, "पंधराव्या दिवशी सान्वीची परीक्षा आहे. प्या!"