शिकवणीला बसलेलं अस्वल

भिंगरीची आई खाली चष्म्याचं दुकान चालवायची आणि घर वर होतं. पोरीच्या अभ्यासाला वेळ कुठला? म्हणून दुसऱ्या गावी राहणाऱ्या सासऱ्यांनी फोनवर व्हिडिओ कॉल करून गणित शिकवायचं ठरलं. सासरे जुने शिंपी, हिशेबाला पक्के. सहा वाजले की शिकवणी बंद आणि खेळ सुरू, असा नियमही ठरला. पण सासऱ्यांचं 'आता एवढं एकच गणित' मारुतीच्या शेपटीसारखं लांबायचं आणि पोरीच्या खेळाचं मातेरं व्हायचं. त्यांना सांगणार कोण? म्हाताऱ्याचं मन दुखावेल म्हणून सून विषयच काढायची नाही.

एका संध्याकाळी सहानंतर ती चहा टाकायला वर आली, तर फोनसमोर भिंगरीच्या जागी तिचं कापसाचं अस्वल. अंगात पोरीचा स्वेटर, डोळ्यांवर दुकानातला चष्मा. पोरगी खाली लपंडाव खेळत होती.

फोनमध्ये सासरे ताठ बसले होते. टोपी, मफलर, मागून खिडकीचा उजेड, त्यामुळे चेहरा काही दिसत नव्हता. म्हणजे यांनी सगळं पाहिलं! अस्वलाला बाजूला सारून ती खुर्चीत बसली.

"बाबा, पोरीवर रागावू नका. चूक माझी आहे. तिचा खेळ बुडतोय हे तुम्हाला सांगायचं होतं, पण जीभच रेटेना."

सासरे ढिम्म.

"तुम्ही एवढ्या मायेनं शिकवता. हवं तर तास वाढवा. खेळ काय, रविवारी खेळेल." हे बोलताना तिला रडूच आलं, कारण खालून भिंगरीचं खिदळणं ऐकू येत होतं.

तेवढ्यात फोनमध्ये सासूबाई आल्या आणि त्यांनी सासऱ्यांचं डोकं उचललं.

टोपी गळून पडली. डोकं म्हणजे उपडं पातेलं होतं आणि धड म्हणजे कपडे बेतायचा पुतळा.

"दूध तापवायला एक भांडं जागेवर असेल तर शपथ," सासूबाई पुटपुटल्या. मग त्यांना सून दिसली. "अगं, तू? पोर कुठाय?"

"खेळतेय. आणि बाबा?"

"तेही खेळतायत, इथल्या मैदानात. हल्ली सहा वाजले की पुतळा बसवून सटकतात. शिकवणी वेळेवर सोडली तर सूनबाई म्हणेल, म्हातारा कंटाळला. म्हणून ही सोंगं." मग त्यांनी पातेलं काखेत धरलं. "पण पोर हल्ली किती शांत बसते गं. काल मीच तिला शाबासकी दिली."

सुनेनं अस्वल उचलून फोनसमोर धरलं. दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून झटणारी बाई आज एका पातेल्याची माफी मागत होती. सासरे धापा टाकत घरी आले, तेव्हा त्यांना एवढंच सांगण्यात आलं की उद्यापासून सहा म्हणजे सहा, आणि पुतळ्याला सुट्टी. त्यांचा चेहरा असा खुलला, की शिक्षा त्यांना झाली होती की सुटका, ते कळेना.

दुसऱ्या दिवशी सहानंतर नजर अधू झालेले एक काका दुकानात आले. गल्ल्यामागे चष्मा लावून बसलेल्या अस्वलाला त्यांनी "नमस्कार ताई, सावकाश होऊ द्या," असं म्हटलं आणि ते बाकावर निमूट बसून राहिले. ताई मागच्या गल्लीत पिंपामागे लपल्या होत्या, कारण राज्य भिंगरीवर होतं.