पाठ दाव

आमच्या सखूआत्यांच्या दारात गेलं की त्या ‘ये, बस’ म्हणत नाहीत. ‘पाठ दाव’ म्हणतात. सिलिंडरवाला असो, मीटर बघायला आलेला असो, नाहीतर गावचा सरपंच. आधी वळून उभं राहायचं. आत्या कपाळावरचा चष्मा नाकावर घेतात, पाठ खालपासून वरपर्यंत न्याहाळतात, एखादं कुसळ उचलून फेकतात आणि मगच चहाचं विचारतात.

सरपंच एकदा म्हणाले, “आत्या, पुढनं बघा की. पुढनं बरा दिसतो मी.”

“पुढनं समदीच बरी दिसत्यात,” आत्या म्हणाल्या. “वळ.”

सरपंच वळले.

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. केडगावपासून थोडं आत आमचं कांद्याच्या बियाण्याचं रान आहे, त्याच्या बांधाला दोन खोल्यांत राहतात. पूर्वी धाकटी बहीण यमुना, त्यांची यमी, सोबत होती. ती गेल्यापासून एकट्या. ‘घरी चला’ म्हटलं की ‘मला काय धाड भरलीय?’ एवढंच उत्तर. खाटेजवळ खिळ्याला एक लाकडी उलथणं टांगलेलं असतं. मी एकदा ते घासायला घेतलं तर अंगावर आल्या. “सैपाकाचं न्हाई ते! ठेव तितंच.” मी ठेवलं. वाद घालायला मला वेळ नसतो.

हे पाठीचं वेड लागलं मधमाश्यांमुळं. दिवाळीच्या सुमारास उत्तरेकडचा एक पेटीवाला रानाकडेला मधपेट्या लावून राहिला होता. जाताना एक पेटी मागं टाकून निघाला. “ये नहीं बचेगी, मौसी. वरोआ लगा है. जला देना.”

“जाळाया ती काय चिपाडं हायेत व्हय?” म्हणत आत्यांनी पेटी ठेवून घेतली. मग आमच्याकडं वळून जाहीर केलं, “गोंडं फुलूस्तवर जगवून दावते.”

कांद्याच्या बियाण्याला मधमाशी लागते. कांद्याच्या फुलांचे गोंडे फुलले आणि माशी नसली तर बी भरत नाही, हे मला माहीत होतं. वरोआ काय ते माहीत नव्हतं. आत्यांनी एक मरतुकडी माशी तळहातावर घेऊन दाखवली. पाठीवर तांबूस, चपटा ठिपका. तिळाएवढाही नाही. मी म्हटलं, एवढंसंच?

“तिच्या मापानं बघ की. तुज्या पाठीवर भाकरीएवढा गोचीड बसला तर?”

हा गोचीड पोळ्याच्या खणात अळीजवळ शिरतो. माश्या वरून मेणाचं झाकण लावतात आणि तो आत बसून अळी शोषत स्वतःची पिल्लं वाढवतो. माशी बाहेर पडते ती चुरगळलेले पंख घेऊन. इतकी सुबक घरं बांधणाऱ्या माश्या आपल्याच हातानं वैऱ्याला आत कोंडून घेतात, हे आत्यांकडून ऐकून मी वाकून पेटीच्या दारातून आत बघितलं.

आमचे हे मात्र खूश झाले. “गोचीडच ना? मग सोपं हाय!” आणि म्हशीच्या गोचिडाचं औषध पंपात भरून आले. आत्या पेटीपुढं आडव्या आल्या. माश्यांना धूर द्यायच्या हातातल्या धुराड्याचा असा लोट सोडला, की हे खोकत खोकत बांधापलीकडं. “म्हस हाय का ती? समद्या मरतील, येड्या!”

त्यांचं औषध वेगळंच होतं. पिठीसाखर. चहाच्या गाळणीनं त्या माश्यांवर साखर भुरभुरायच्या. माश्या पांढऱ्या होऊन एकमेकींचं अंग चाटायला लागायच्या, आणि साखरेनं पाय सुटलेले गोचीड पेटीच्या तळाच्या जाळीतून खाली तेल लावलेल्या कागदावर पडायचे. दुकानदार मला विचारायचा, “आत्या बारा महिने करंज्या करत्यात का हो?”

इथवर ठीक होतं. पण एके दिवशी आत्यांनी ती पेटी उचलून अंगणातल्या फुटक्या रांजणाशेजारी आणून ठेवली. रांजणात आपल्याकडच्या सातेरी माश्यांचं पोळं होतं.

“हितं कशाला?” मी विचारलं.

“बघून शिकत्याल.”

मी हसले. आत्या हसल्या नाहीत. “बस हितं. बोलू नगं.”

मी भाकऱ्या टाकायच्या सोडून रांजणाच्या तोंडाशी बसले. बराच वेळ काही नाही. मग एक सातेरी माशी गर्दीतून बाजूला झाली आणि थरथरायला लागली. अंग इकडून तिकडं हलवत, एकाच जागी. तिच्या पाठीवर तो तांबूस ठिपका होता. दुसरी माशी आली, मग आणखी एक. त्यांनी तिची पाठ तोंडानं चाचपली, पंखाखाली शोधलं, आणि एकीनं तो गोचीड जबड्यात धरून काढला. ती थरथरणारी गप्प झाली आणि कामाला निघून गेली.

मी शेतात जन्म काढला. पण असं कधी बघितलं नव्हतं.

“आपली पाठ आपल्याला गावत न्हाई गं,” आत्या म्हणाल्या. “हलून सांगावं लागतं.”

पेटीतल्या माश्या बघून शिकल्या की साखरेनंच निभावलं, मला सांगता येणार नाही. पण पेटी जगली. गोंडे फुलले, रान पांढरं झालं, आणि एका सकाळी आत्यांची हाक आली. “मंगल! आली गं, आली!” मी धावत गेले. गोंड्यागोंड्यावर पेटीतल्या मोठ्या माश्या होत्या. पंख धड, पाठी साफ. सबंध रान गुणगुणत होतं. आत्या दाराच्या चौकटीला टेकून बघत होत्या. आणि बघता बघता चौकटीवर पाठ घासत होत्या. आधी हळू, मग जोरात. खांदे इकडून तिकडं.

माझी नजर आत खिळ्यावरच्या उलथण्याकडं गेली.

“आत्या,” मी म्हटलं, “पाठ दावा.”

“मला काय झालंय?”

“वळा.”

त्या वळल्या. लुगड्याचा पदर बाजूला करून मी चोळी वर सरकवली. घामोळ्यानं पाठ लाल झाली होती, आणि मधोमध, हात पोचत नाही तिथं, उलथण्याचे ओरखडे होते. काही जुने, काही ताजे.

मी खोबरेल आणून चोळायला लागले. आत्या म्हणाल्या, “यमी हळू चोळायची.”

मी हात हळू केला.

“तसं न्हाई,” त्या म्हणाल्या. “तू तुज्या हातानं चोळ. जोरात.”