यादीत मेलेले थूलकाका

थूलकाकांना बस ओळखता येत नाही. हा निकाल माझा नाही, मोबाइलचा. कसलासा सरकारी अर्ज भरताना नऊ चित्रं आली, बस असलेली निवडा म्हणे. पस्तीस वर्षं एसटीत कंडक्टरी केलेला माणूस! काकांनी चष्मा पुसून दोनच निवडली. मोबाइल म्हणाला, चूक, पुन्हा प्रयत्न करा.

"पुन्हा कायले? तिसरी ट्रॅव्हल्स आहे! ट्रॅव्हल्सले बस म्हणणाऱ्यानं मले शिकवू नोको!" काका मोबाइलवरच ओरडले. तीनदा तेच झालं. अर्ज गेला नाही, पण काकांनी ट्रॅव्हल्सला बस म्हटलं नाही.

पिपरी मेघेत आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत. ती असून नसल्यासारखी, कारण काका बोलले की चौकापर्यंत ऐकू जातं. सकाळी पेपर उघडला की सुरू. ओटीपीवर राग, नेत्यांच्या वाढदिवसाच्या बॅनरवर राग, आणि पक्ष बदलणाऱ्यांवर तर विचारूच नका. "तिकीट आर्वीचं, उतरते हिंगणघाटले! माया गाडीत असता तं दंड केला असता."

आता माझं पाप सांगते. मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका, त्यात मतदार यादीचं काम गळ्यात. गेल्या वर्षी कमलकाकू गेल्या, म्हणजे काकांच्या मिसेस. त्यांचं नाव कमी करायला मी भर उन्हात ॲप उघडलं. ज्यानं कुणी ते बनवलंय त्याला एकदा वर्ध्याच्या मे महिन्यात उभं केलं पाहिजे. मी बोट टेकवायला आणि ओळ सरकायला एकच गाठ पडली. नवी यादी आली तेव्हा कळलं: काकू हयात, काका मयत.

मी हात जोडत गेले. वाटलं, आता आपली खैर नाही. पण हा बाबा खुललाच! मत मागायला आलेला उमेदवार वाकला, तर म्हणे, "मेलेल्याच्या पाया काऊन पडून राह्यला बावा? फोटोले हार घाल." दूधवाल्याला, कुरिअरवाल्याला, सगळ्यांना तेच, "मयत थूल बोलून राह्यलो."

मला मात्र घास गोड लागेना. ज्या माणसानं एक मतदान चुकवलं नाही, तो माझ्या अंगठ्यापायी यंदा घरी बसणार होता. दुरुस्तीच्या शेवटच्या दिवशी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले.

"काका, तुमचं नाव परत घेते, काकूंचं कमी करते. दोन्हीकडं सही करा."

काकांनी दोन्ही कागद वाचले आणि पेन परत दिला.

"राहू दे."

"अहो, मत जाईल तुमचं!"

"जाऊ दे! चाळीस वर्षं मी एकाले देलं, तिनं मुद्दाम दुसऱ्याले. बूथवरून येताना म्हणे, कापलं तुमचं. आता तिचं एकटीचंच राह्यलं. जिंकली बाई."

"पण काका, नियमानं..."

"नियम मले सांगू नोको! राशन कार्डावरून तिचं नाव काढलं, गॅसवरून काढलं, बँकेतून काढलं. जिथं तिथं मीच सही केली. सारं नियमानं केलं. हे शेवटचं आहे. तुयं ॲप येऊ दे, तुयं सरकार येऊ दे, मी नाई करत!"

चौकात दोघंतिघं वळून बघायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुम्ही नका करू," मी म्हणाले. "काकूंचं काम माझ्या एकटीच्या सहीनंही होतं. तुम्ही फक्त तुमच्यापुरती करा."

"तू काढशील?"

"काढावंच लागेल, काका."

काकांनी पेन मागून घेतला. मग आपल्या कागदावर सही केली आणि उठले. "थांब जराशी. मले घरात जाऊ दे. मंग दाब."

दार लागलं. मी ॲपमधली ओळ दोनदा वाचली, तीनदा वाचली, आणि दाबलं. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं.

"झालं का?" आतून आवाज आला.

"नाही काका. फिरतंय अजून."

"फिरू दे," काका म्हणाले. "घाई नोको करू."