पुस्तकातल्या बाईची दाढ

आमच्या गावच्या वाचनालयात शांतता हवी असेल, तर ग्रंथपाल बाहेर जाईपर्यंत थांबावं लागतं. शकूमावशी आत असल्या की शांततेचं नाव काढायचं नाही. आज लायब्रीत कुठलं पुस्तक चाललंय ते कार्ल्याच्या हायवेवर बसची वाट बघणाऱ्यालाही कळतं, असं गावात म्हणतात. मी हायवेवर उभं राहून खात्री केलेली नाही, पण गावाशी वाद घालण्यासारखं त्यात काही नाही.

वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागच्या दोन खोल्या. एकीत पोलीस भरतीचा अभ्यास करणारी मुलं कानात कापसाचे बोळे घालून बसतात. दुसरीत कपाटं, सतरंजी आणि मावशी. कुलूप उघडायचं, झाडायचं, पुस्तकं द्यायची, परत न आणणाऱ्याच्या दारात उभं राहून त्याचा उद्धार करायचा, सगळं त्यांच्याकडे. मी शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. वाचनालयाच्या समितीत एक बाई लागते म्हणून मला घेतलं आणि चहा सांगायचं काम दिलं.

रोज शाळा सुटली की मावशींचा चित्रांच्या पुस्तकांचा तास. ही पुस्तकं लोणावळ्याच्या बंगलेवाल्यांनी मुलं मोठी झाल्यावर घर आवरताना दिलेली. बहुतेक इंग्रजी. मावशींना इंग्रजी येत नाही, पण त्यापायी त्यांचं कधी काही अडलं नाही. चित्र बघायचं आणि गोष्ट आपली आपण लावायची. "आक्षरं काय, कुनीबी लिवतं," असं त्यांचं मत.

त्यातून एखादं पुस्तक लायब्रीवरचंच निघालं, तर सासूनं सुनेचा स्वयंपाक चाखावा तसं त्या ते वाचतात. "येवढी मोठी लायब्री, आन झाडू कुनाच्याच हातात न्हाई? म्हंजे पुस्तक खोटं!" एका पुस्तकात अस्वल पुस्तक न्यायला येतं. त्यावर मावशी म्हणाल्या, "आदी डिपॉझिट घ्या त्येच्याकडनं. जंगलात कुटं हुडकीत बसू?"

या सगळ्या पुस्तकांत ग्रंथपाल बाई मात्र एकच. काटकुळी, अंबाडा घातलेली, चष्म्याला साखळी आणि ओठांवर बोट. एकदा पहिलीतल्या पिंकीनं विचारलं, "मावशी, ही बाई तोंडावर बोट का ठिवती?"

खरं कारण सांगणं मावशींना परवडणारं नव्हतं.

"दाढ दुखतीया तिची," त्या म्हणाल्या. "लवंग धर म्हनून सांगाया कुनी न्हाई बिचारीला."

पुढच्या पुस्तकात तीच बाई, तेच बोट, तीच दाढ. होता होता गावातल्या समस्त पोरांची पक्की समजूत झाली, की ग्रंथपाल लोकांचे दात किडके असतात.

हे सगळं खपून गेलं असतं. पण पुस्तकं देणाऱ्या बंगल्यातल्या एक मॅडम तास बघायला आल्या. आमच्या समितीचे अध्यक्ष आबा इस्त्रीचे कपडे घालून हजर. त्यांना मॅडमकडून अभ्यासाच्या खोलीसाठी एसी हवा होता. मावशींचा तास रंगात आला, पोरं ओरडायला लागली, आणि मॅडमनी हसत हसत ओठांवर बोट ठेवलं.

सतरंजीवर एकदम सन्नाटा. पिंकी उठली आणि धूम पळाली. परत आली ती मुठीत लवंग घेऊनच. मॅडमना वाटलं, ही इकडची पाहुणचाराची रीत असावी. "हाऊ स्वीट," म्हणत त्यांनी लवंग तोंडात टाकली.

"दाढंखाली धरा," पिंकी म्हणाली. "आता दुखायचं न्हाई."

मॅडमनी आबांकडे पाहिलं, आबांनी माझ्याकडे. मी छताकडे. मावशींनी मात्र पुस्तक उघडून सगळा खुलासा केला, तोही हायवेपर्यंत पोचेल असा. मॅडम बारीकसं हसल्या आणि गाडीत बसल्या. एसीचा विषय निघालाच नाही.

त्याच दिवशी समिती बसली. "पोरांचा तास उद्यापासनं बंद," आबा म्हणाले. "लायब्री हाय का जत्रा?" भरतीवाल्या मुलांची तक्रार होतीच. एकमतानं ठरलं. मीही मान हलवली. पण मावशींना सांगायचं कोणी, यावर कोणाचं एकमत होईना. शेवटी आबा म्हणाले, "बाई, तुमीच सांगा. आमी गेलो तर गाव गोळा व्हईल."

संध्याकाळी मी बुद्धविहारामागच्या मावशींच्या घरी गेले. मनाची तयारी करून, दाराजवळच उभी राहिले.

"बसा, बाई," त्या म्हणाल्या. इतक्या हळू, की मला पुढं वाकावं लागलं.

"घसा बसला का?"

"न्हाई वो. घरात कुनासंग बोलनार? मालक गेलं, पोरगा तिकडं बेगडेवाडीला कंपनीत. त्येला सुट्टी घावत न्हाई. हितं तोंड उघडलं तर आपलाच आवाज आपल्याला दचकीवतो. म्हनून ग्वाष्टी बी मनातच म्हनते."

त्यांच्या मांडीवर उद्याचं पुस्तक उघडं होतं. त्यात एक हत्ती लायब्रीच्या दारात अडकला होता. मावशी कुजबुजत म्हणाल्या, "उद्या ह्यो हाय. पोरांस्नी लय हसवनार. सकाळ झाली की दुपार कवा व्हती, असं व्हतं मला."

मघाशी समितीत मान हलवणारी मीच होते. निरोप माझ्या जिभेवर होता, तो मी गिळला. म्हटलं, "हत्ती ओरडतो कसा, ते दाखवा की."

"हितं? घरात?"

"मी आहे ना ऐकायला."

त्यांनी पदर खोचला आणि असा काही चीत्कार काढला, की शेजारच्या कोंबड्या कौलावर चढल्या. मावशी स्वतःच दचकल्या आणि पोट धरून हसत सुटल्या. मग चहा झाला, नि हत्ती पुन्हा एकदा झाला.

आबांना मी सांगितलं, की मावशी घरी भेटल्या नाहीत. निरोप पोचल्याशिवाय तास कसा बंद करणार? आणि स्वतः जाऊन सांगायची आबांची छाती नाही. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी निरोप द्यायला जाते आणि मावशी रोज घरी नसतात. आबांचं घर जवळच आहे. म्हणून मी मावशींना विनवते, निदान मी असताना तरी जरा हळू बोला. पण आता घरातही त्या ऐकतील तर शपथ.