सात पायांच्या जीवाची आणि पिवळ्या मण्याची हकीकत

श्रीसूक्ष्मदृष्टी प्रसन्न असो आणि ऐकणारांस धीर देवो, कारण लिहिणाराचा संपला आहे. शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुख नाम संवत्सर, आणि ते आपल्या नावास जागले. ते समयी राज्यात सरदार सुभानराव काठे नामांकित होते. त्यांचा डावा पाय वेढ्यात तोफेच्या गाड्याखाली सापडला, तेव्हा आपणच "तोडा" म्हणोन हुकूम केला आणि जगले. मग लाकडी पायावर दरबारास येऊ लागले, आणि त्या पायाचा उच्चार राज्यात कोणी करीत नसे. त्यांस एका व्यापाऱ्याने पिवळा मणी नजर केला. पुरातन झाडाची राळ घट्ट होऊन दगड होते, त्यास अंबर म्हणतात, तो हा मणी, आणि आत एक लांबटांग्या जीव जसाच्या तसा अडकलेला. सरदारांनी तो शिरपेचात जडविला. मग राज्याच्या जीवनिवीस द्वारकाबाई पेठे, ज्या प्राणिमात्रांची कुळे लावून देत, त्यांची नजर त्यावर गेली, आणि बाईंनी भर दरबारात भिंग काढून सरदारांच्या पागोट्यास लाविले.

बाई बोलिल्या की हा जीव आजवर कोणी वर्णिला नाही, आणि हा कोळी नव्हे. पंडितमंडळी बोलिली, कोळीच. बाईंनी सांगितले की कोळ्यास कंबर असते, यास नाही, धड एकसंध आहे. डोळे दोनच, तेही पाठीवरच्या उंचवट्यावर. हा जाळे विणीत नाही, यास विष नाही. मंडळींनी माना डोलाविल्या आणि बोलिले, "बरोबर. म्हणजे कोळी." मग बाईंनी पुन्हा सांगितले, आणि पुन्हा सांगितले, आणि मंडळी पान खाऊन आली, आणि "कोळ्याचे काय ठरले" म्हणोन पुसती जाहली. तेव्हा बाईंनी कपाळावर हात मारिला, तो आवाज प्रस्तुत लेखकाने ऐकिला.

याउपरी सरदारांस हौस उपजली की या नव्या जीवास आपले नाव द्यावे. बाई बोलिल्या, "देते. पण मणी राज्याच्या कोठीत ठेवावा लागेल. ज्याला शंका येईल त्याला मूळ नग पाहता आला पाहिजे. नाहीतर माझं लिहिणं म्हणजे नुसती गप."

"नाव आमचं," सरदार बोलिले, "आन् मणी बी आमचाच."

"सरदार, दोन्ही नाही जमायचं."

"का न्हाई? नाव कागदावर ऱ्हाईल, मणी डोईवर."

ऐसे बोलणे पुष्कळ चालिले आणि तसूभर पुढे सरकले नाही. मग बाईंचा तोल गेला आणि बोलिल्या, "अहो, नीट पाहा तरी! याला पाय सातच आहेत. आठवा सुटून मण्याच्या कडेला पडलाय. शिरपेचात कडा झाकली, तो भिंगाशिवाय कुणाला दिसतो?"

हे सरदारांच्या मातोश्रींनी चिकाच्या पडद्यापलीकडून ऐकिले आणि घात जाहला. भंगलेली मूर्ती घरात ठेवीत नाहीत, वाहत्या पाण्यात सोडतात, हा घराण्याचा रिवाज. मातोश्री बोलिल्या, "भंगलेलं लेकराच्या डोईवर? आत्ताच्या आत्ता नदीला सोडा." आणि सरदार, जे राज्यात कोणाचे ऐकत नसत, ते आईचे ऐकत. मग मणी शिरपेचातून काढिला, आणि ताटात ठेविला, आणि फुले वाहिली, आणि सारा दरबार घाटावर निघाला. जगात तो जीव एकच उपलब्ध, आणि त्यास बुडवावयास वाजंत्री लाविली! काय म्हणावे या लोकांस?

घाटाच्या पायरीवर बाई आडव्या जाहल्या. बोलिल्या, "मातोश्री, हा भंगलेला नाही. कुणी धरलं की हा जीव आपला पाय आपणच सोडतो. सुटलेला पाय थरथरत राहतो, शत्रू त्याच्यामागे लागतो, तेवढ्यात हा पळतो. तो पाय पुन्हा उगवत नाही. तरी सोडतो." मातोश्री बोलिल्या, "बाजूला व्हा, बाई." तेव्हा बाईंच्या डोळ्यांत रागाने पाणी आले आणि तोंडून निघून गेले, "पाय गेला म्हणून बुडवायचं असेल, तर आधी कुणाला बुडवायचं ते सांगा!"

वाजंत्री थांबली. राज्यात जे कोणी बोलत नसे ते बाई बोलिल्या होत्या, आणि आता बाईंचे काय होते म्हणोन सारे सरदारांकडे पाहू लागले. सरदारांनी भिंग मागितले आणि मण्याच्या कडेवर धरिले आणि बराच वेळ पाहिले. मग बोलिले, "आई, मी एका पायानं घरी आलो तवा तू मला नदीला कुठं सोडलंस?"

मातोश्रींनी ताटातला मणी उचलिला, त्यावरचे कुंकू पदराने पुसले, आणि बाईंच्या हाती दिला. मग हळूच पुसले, "वाचलं का गं ते? पाय सोडून?"

दिवसभर ओरडलेल्या बाई हलक्या आवाजात बोलिल्या, "शत्रूपासून वाचलं, मातोश्री. दोन पावलं पुढं राळेत सापडलं."

तात्पर्य इतके की मणी कोठीत राहिला, आणि जीवास सरदारांचे नाव लागले, आणि तो कोळी नव्हे हे ठरले. पंडितमंडळींस अद्याप पटले नाही, आणि लेखकाने त्यांचा नाद सोडिला. सरदार सवड मिळेल तेव्हा कोठीत येतात. जीवाकडे फारसे पाहत नाहीत. भिंग त्या सुटल्या पायावर धरितात आणि बसून राहतात.