चंद्रकुमार शेठजींनी आसगावचा तलाव पार केला त्याची हकीकत

तलाव आसगावचा, मास कार्तिक, वार बुधवार. श्रीमंत चंद्रकुमार शेठ, वस्ती अड्याळ, धंदा भांड्यांचा, यांनी शिडाच्या डोंगीने जी मोहीम केली, तिचे वर्तमान पुसाल तर ते ऐसे.

शेठजींनी दोन सालांमागे फेसबुकावर 'छोटी डोंगी, मोठा प्रवास' नामे ग्रुप स्थापिला आणि आपण त्याचे ॲडमिन जाहले, मग हळूहळू चार हजार असामी गोळा जाहल्या. त्यांत डोंगीत बसलेला शोधू जाता एकही न मिळे. परंतु शिडाची गाठ कोणती मारावी आणि विलायती समुद्रात वारा कोणत्या महिन्यात फिरतो, यावर दररोज तुंबळ युद्ध होई. परमुलखीच्या संकेतस्थळांवरून नकाशे उतरवावे, चित्रफिती पाहाव्या आणि ताटातले अन्न थंड करावे, हा तेथील रिवाज.

मग मोहाडीचे जीवनराव, खुर्चीवरून न उठता तीन महासागरांचे जाणकार, यांनी ग्रुपात अर्ज गुदरला की, ज्याने पाणी पाहिले नाही त्याने ॲडमिनकी काय म्हणोन भोगावी? त्यावर बहुमताने कौल निघाला की, शेठजींनी पंधरवड्यात वल्हे व इंजिन न लावता, शीड उभारून एक तलाव पार करावा आणि पैलतीरीचा फोटो हुजूर पाठवावा. न जाहल्यास ॲडमिनकी जीवनरावांस द्यावी. शेठजींचा जीव त्या ॲडमिनकीत. अड्याळात लहानथोर त्यांस चंदू म्हणत. 'सर' म्हणणारे काय ते ग्रुपातच.

सबब फुकटच्या नकाशावरून प्लायवूडची डोंगी सिद्ध केली, धान वाळवायच्या ताडपत्रीचे शीड केले, अंगावर नारिंगी जाकीट चढविले आणि टेम्पोतून आसगावी कूच केले. वारा अनुकूल होता. मग तलावाच्या मध्यावर डोंगी थबकली ती हालेना, कारण चहूकडे शिंगाड्याचे वेल. कार्तिकात हा तलाव शिंगाड्याने भरतो, हे गावात कोणासही पुसते तर कळते. शेठजींनी पुसले ते ग्रुपास, आणि अडकल्यावरही ग्रुपासच पुसले.

जबाब आले त्रेसष्ट. एकाने नांगर टाका म्हटले, एकाने भरतीची वाट पाहा म्हटले, जीवनरावांनी शार्क माशापासून सावध राहण्याचे फर्माविले. मग दोघांची शिडाच्या कापडावरून जुंपली आणि शेठजींस सारे विसरले. एक प्रहर उन्हात गेला.

इतक्यात शकुनबाई, ज्यांचे ते शिंगाड्याचे पीक आणि ज्या शेठजींच्याच दुकानी भांडी घेत, आपल्या डोंग्यातून शिंगाडे तोडीत तेथे आल्या.

"चंदूभाऊ, इथं काहून बसून राहिले जी?"

"सल्ला घेऊन राहिलो, बाई. एक पुण्याचा आहे, एक कॅनडाचा."

"मंग त्याईले म्हणा, या वेल सोडवाले."

शेठजी वेल ओढू लागले, तेव्हा बाईंनी वल्हे उगारून हुकूम केला की, "एक वेल तुटला तं डोंगी इथंच राहीन. सालभराचं पीक आहे माहं. खाली उतरा अन् हातानं सोडवा."

"बुडून जाईन ना."

"कंबरभर पाणी आहे. उतरा."

शेठजी उतरले. पाणी कमरेस लागले, जाकिटाचे खालचे बंद तेवढे भिजले. मग एकेक वेल सोडवावा, पूर्ववत पसरावा, चिखलातून पाऊल काढावे आणि शीड उभे ठेवून डोंगी पुढे लोटावी, ऐसे करीत शेठजी पैलतीरी चालत गेले. काठाशी येताच डोंगीत चढून बसले, छाती काढिली आणि वेलांवर नजर ठेवीत मागोमाग आलेल्या बाईंच्या हाती मोबाईल दिला.

"चिखलाचा पायजामा येऊन राहिला फोटोत," बाई म्हणाल्या.

"वरचा घ्या जी. फक्त वरचा."

फोटो पोहोचताच ग्रुपात जयजयकार जाहला. जीवनरावांनी वारा कोणत्या दिशेचा होता ते पुसले. त्यांस मत्सरी ठरवून गप्प बसविले. ॲडमिनकी शेठजींकडे कायम जाहली आणि त्यांनी त्याच सांजेस 'अथांग पाण्यात धीर कसा धरावा' हा लेख चढविला, तो चार हजारांनी वाखाणिला.

येणेप्रमाणे आसगावचा तलाव फत्ते जाहला. वल्हे लागले नाही, इंजिन लागले नाही, कौलाचे एक अक्षर मोडले नाही. पाणी कमरेइतके होते, हे ग्रुपाच्या दप्तरी कोठेही नाही, सबब येथे नोंदून ठेविले असे.