आण्णांचं 'शांतीने जाऊ दे'

"गर्दीची काळजी सोडा, मावशी! चर्चमध्ये उभं राहायला जागा मिळायची न्हाय!"

मी छाती ठोकून सांगितलं. आमच्या गायकवृंदाच्या प्रमुख निर्मलामावशींनी चष्म्यावरून माझ्याकडं नुसतं बघितलं. त्यांची शंकाही खरीच होती. आमच्या संध्याकाळच्या उपासनेला येणारी माणसं एका रिक्षात बसून घरी जातात!

पण या खेपेला गोष्ट वेगळी होती. आमचे ऑर्गन वाजवणारे आण्णा जन्मभर साखर कारखान्यात फिटर. निवृत्त झाल्यावर त्यांनी शिमोनाच्या गीताला चार आवाजांची चाल लावली. देवळात बाळ येशूला हातात घेऊन म्हातारा शिमोन म्हणतो, डोळे भरून बघितलं, आता मला शांतीनं जाऊ दे. आण्णांची बोटं हल्ली थरथरायची. "हे एवढं एकदा वाजवतो, मग ऑर्गन दुसऱ्याच्या हवाली," म्हणायचे.

मी लगेच जाहिरात केली आणि मोबाईलवर दिसेल त्याला धाडली. मधोमध आण्णांचा फोटो. शोभेला दोन मेणबत्त्या. 'आण्णा : शांतीने जाऊ दे. रविवारी संध्याकाळी, चर्चमध्ये. सर्वांनी अवश्य यावे.' भोवती काळी चौकट, कारण काळ्यावर पांढरं उठून दिसतं! तीच मोठी छापून दारातही लावली.

रविवारी दारात जीपगाड्यांची रांग! बिद्रीकडची कारखान्यातली माणसं, इचलकरंजीचे पाहुणे...

"बघा, मावशी!"

"बघतेय. पण सगळे पांढऱ्या कपड्यात का रे?"

तेवढ्यात एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पावणं, आण्णांची माती किती वाजता?"

"कसली माती? गाणं हाय!"

"असल्या वेळंला गाणं?"

तोवर दारात हंबरडा फुटला. जोतीराम! आण्णांचा कारखान्यातला जोडीदार. युनियनच्या निवडणुकीवरून बिनसलं, तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. हातात हार घेऊन तो माझ्या जाहिरातीपुढं रडत होता. "आण्णा, माझंच चुकलं रं! शेवटचं बोललो बी न्हाय!"

आत सराव करणाऱ्या आण्णांचा ऑर्गन थांबला.

"कोण, जोत्या? आत ये की! तिथं कुणासंगं बोलाय लागलास?"

जोतीराम पायरीवर मटकन बसला. सगळी माणसं आधी दारातून आत आण्णांकडं बघायला लागली, मग जाहिरातीकडं, मग माझ्याकडं!

काहीजण चपला शोधायला लागले. आण्णांनी हात वर केला. "आलायसा तर बसा. माणूस गेल्यावर लोक काय बोलत्यात, ते कुणाला ऐकाय मिळत न्हाय. मला मिळालं. आता माझं बी ऐका."

माणसं बसली. पहिल्या सुरांवर आण्णांची बोटं अडखळली, मग सावरली. शिमोन निरोप मागतो तिथं आम्ही खर्जातले सगळ्यात खाली उतरतो आणि मागं ऑर्गनचा एकच लांब सूर राहतो. तालमीत ती जागा मी नुसती मोजत गायलो होतो. त्या दिवशी समोर आण्णांना पोचवायला आलेली माणसं होती, आणि आण्णा त्यांच्यासाठी वाजवत होते. मी मोजायचंच विसरलो. गाणं संपलं तरी मावशींचा हात वरच राहिला. टाळ्या वाजवाव्यात का नाही, हे कुणालाच कळेना.

जोतीराम उठून आण्णांपाशी गेला. "चाल झकास हाय."

"आन् मघाशी ते चुकलं-चुकलं म्हणालास?"

जोतीरामनं टोपी सरळ केली. "ते मेलेल्या आण्णाला म्हणालो. जित्याचा त्यात काय बी संबंध न्हाय!"

आणि ऑर्गनच्या बाकावर, आण्णांना जरा सरकायला लावून, शेजारी बसला.